पाटीऐवजी लॅपटॉप

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि तो बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. आत माझा एम.ए.चा प्रबंध होता आणि तो चार दिवसांनी विभागात द्यायचा होता.

प्रत मी ठेवली होती. त्याच लॅपटॉपमध्ये, ‘सुरक्षित’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. झेरॉक्स काढून मूळ कागदाच्याच पिशवीत ठेवावी, तशी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तालुक्याच्या आमच्या शाळेत संगणक होता, पण तो कायम काचेच्या कपाटात, कुलूप लावून.

आई दारात उभी राहून बघत होती. भांडुपच्या या खोलीत ती माझ्याकडे राहायला आली, त्याला दोन वर्षं झाली होती. “चार्जिंग संपला असात,” ती म्हणाली. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

मी घाटकोपरला एका दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार पन्नाशीचे. त्यांनी मागचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि हसले.

“ताई, गाव कोकणातलं ना?”

“हो. का?”

त्यांनी चिमट्याने पंख्यातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा.

“पूजेची केस. दसऱ्यानंतर एक-दोन येतातच, बहुतेक कोकणातल्याच. गेल्या वर्षी एकाने प्रिंटरवर नारळ फोडलेला. तांदळाचं सोडा, पाण्याने वाट लावलीय. हा आता उठायचा नाही.”

लहानपणी दर दसऱ्याला आई मला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायला लावायची. मग हळदकुंकू, अक्षता आणि ओंजळीतलं थोडं पाणी. ती स्वतः शाळेत गेली नव्हती, म्हणूनच बहुधा पूजा इतकी मनापासून करायची. पाटीला पाण्याने काही होत नसे. पुसली की झालं. आदल्या दिवशी पाटीच्या जागी माझा लॅपटॉप होता.

“आणि फाइली?” मी विचारलं.

“डिस्क काढून माझ्या मशीनला लावतो. तिनेपण आंघोळ केली असेल तर मग देवच बघेल.”

मी स्टूल घट्ट धरून बसले. थोड्या वेळाने पडद्यावर फोल्डर दिसायला लागले.

“कुठला हवाय?”

“सुरक्षित.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “फारच सुरक्षित ठेवलात!” मग दोन पेनड्राइव्हवर सगळं उतरवून दिलं. “एक तुमच्याकडे, एक दुसऱ्याच्या घरी. शेजाऱ्यांशी बोलता ना?”

नीट उघडतंय का बघायला त्यांनी एक फाइल उघडली. ऋणनिर्देश. मार्गदर्शक, ग्रंथालय, मैत्रिणी. आधीच्या वर्षीच्या एका प्रबंधातला नमुना बघून मी तो लिहिला होता. त्यात आई नव्हती.

घरी आले तर तिचं ताट झाकलेलंच होतं. ती जेवली नव्हती.

“गावला?”

“सगळा गावला.”

ती खाली बसली. “ह्या माझ्यामुळाच झाला मां? पाणी मियाच शिंपडलंय.”

लॅपटॉप जुना होता असं सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की खोटं बोलवेना.

“होय गे. पण प्रबंध शाबूत आसा. तू जेव आधी.”

“पुढच्या वर्षी नुसता फूल ठेवतंय,” असं म्हणून तिने ताट पुढे ओढलं.

दुपारी शेजारच्या ताईंचा लॅपटॉप मागून आणला आणि ऋणनिर्देशात शेवटी एक वाक्य घातलं. मग तिला वाचून दाखवलं: “दर दसऱ्याला माझ्या पाटीची, वह्यांची आणि लॅपटॉपची पूजा करणाऱ्या माझ्या आईची मी ऋणी आहे.”

आईने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “लॅपटॉपाचा तेवढा काढ गो. मास्तर हसतले.”

मी काढलं नाही.