हाताला पटेल अशी मिशी

बीडला आमच्या शेजारच्या खोलीत राहणारे मिशीवाले नाना दिवसातून दोनदा दाढी करीत आणि उरलेला दिवस मिशा बांधण्यात घालवीत. सकाळी आणि दिवेलागणीला खिडकीच्या गजाला आरसा अडकवून ते गाल, हनुवटी आणि वरचा ओठ असा साफ करीत, की चेहरा घासलेल्या तांब्यासारखा दिसे. माझे वडील त्यावरून त्यांची थट्टा करीत. नाना शांतपणे म्हणत, "पिकतं तिथं विकत न्हाई, साहेब. माझ्याकडं पिकत न्हाई, म्हनून तर विकतंय."

मुलांनो, शाळेच्या नाटकात धाकट्याची मिशी गळून पडली, असं तुमच्या आईने कळवलं. ती का पडली हे मला इथे बसूनही सांगता येईल. पण ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांच्याविषयी आधी लिहिते.

तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. वडील अदालतीत कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहून ते घरी येत आणि संध्याकाळी मला इंग्रजी शिकवीत. मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती, ती संपल्यावर माझे दिवस रिकामे होते. चौमाशात रस्ते चिखलाने बंद झाले, की एक नाटकमंडळी दसऱ्यापर्यंत बीडला मुक्काम करी. नाना त्या मंडळीत तरुणपणी नायिकेची कामं करीत, पुढे राण्या आणि आया होऊ लागले. मंडळीत आज जो राजा, तो उद्या दासी. त्यामुळे सगळेच सफाचट, आणि सगळ्यांच्या दाढ्यामिशा नानांच्या ट्रंकेत.

त्यासाठी त्यांना गुंतवळ लागे. गुंतवळ म्हणजे विंचरताना फणीत अडकलेले केस. नाना दारोदार जाऊन ते मागत. केसांवर करणी होते या भीतीने बायका त्यांना उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावीत. माझ्या आईनेही एकदा विचारलं, की आमचे केस कुणाच्या तोंडाला लावणार ते तरी सांगा. नाना म्हणाले, "दुर्योधनाच्या. तेवढंच त्याला चांगल्या घरचं वळन लागंल." आई हसली आणि तेव्हापासून गुंतवळ साठवू लागली. ते नानांकडे पोचवता पोचवता मी त्यांच्याजवळ बसून हे काम शिकले.

रिठ्याने धुतलेले केस ओले असतानाच काडीला गुंडाळून वाळवायचे, म्हणजे त्यांना लाट येते. मग बारीक आकडीने एकेक केस पातळ जाळीच्या तुकड्यावर गाठ मारून बसवायचा. सुरुवात खालून आणि कडेने, शेवट नाकाखाली. तिथे केस विरळ हवेत. मी नाकाखाली दाट भरले, तर नाना म्हणाले, "असं न्हाई, माय. ही मिशी हाय, केरसुनी न्हाई." चिकटवायला स्पिरिटात विरघळवलेली राळ. आणि चिकटवताना समोरच्याला हसवायचं, म्हणजे ओठ ताणलेला राहतो. धाकटा तोंड मिटून बसला असणार. मग रंगमंचावर तोंड उघडल्यावर मिशी कशी टिकेल?

भाद्रपदात बीडजवळच्या लिंबागणेशला गणपतीच्या उत्सवात मंडळीचा खेळ झाला. वडिलांनी मला नेलं होतं. विराट राजा दरबारात मोठ्याने हसला आणि त्याच्या मिशीची एक बाजू सुटून लोंबू लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "महाराज, बाप गेला का काय, बे?" सगळा मांडव हसला. राजाही हसला आणि उरलेली बाजू सुटली. पडद्याच्या कडेला नाना राणीच्या लुगड्यात उभे होते. ते हसले नाहीत. ते पुढे आले, पदर सावरत राजाची मिशी उचलली आणि आत गेले.

या थट्टेचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. आपल्याकडे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी काढत नसे. ती बाप गेल्यावर, दहाव्याला, न्हाव्यासमोर बसून काढायची. कुणाचा ओठ कोरा दिसला, की रस्त्यातला माणूसही थांबून विचारी, कधी गेले?

नानांचे वडील जिवंत होते. शिरूरकडच्या एका खेड्यात त्यांची कोरडवाहू शेती होती. मुलगा मंडळीत हिशेब लिहितो, एवढंच त्यांना माहीत होतं. घर सोडताना त्यांनी बजावलं होतं, "कुठंबी जा, पर मी हाय तवर व्हटाला वस्तरा लावू नको." नानांनी बांधलेली पहिली मिशी नाटकासाठी नव्हतीच. ती गावी जाण्यासाठी होती. वर्षातून एकदा ते दोन-तीन दिवसांसाठी जात. गावाबाहेरच्या ओढ्यावर बसून ती लावीत आणि सगळ्यांच्या आधी उठून नीट करीत. बापाला कळलं तर तो काय करील, असं मी विचारलं होतं. "काय करनार? जित्यापनी 'मी मेलो' म्हनून बसंल," ते म्हणाले.

मी आकडी चालवायला लागले त्याच्या पुढच्या वर्षी निरोप आला, की म्हाताऱ्याची दृष्टी गेली आहे, अंथरूण धरलं आहे, आणि मुलाला बोलावतो आहे. मला वाटलं, आता सोपं झालं. नाना म्हणाले, "अवघड झालं. आता त्यो हात फिरवून बघंल."

मिशी डोळ्यांना फसवते, हाताला नाही. जाळीची कड बोटाला लागते. शिवाय तो शेतकऱ्याचा हात होता, भेगा पडलेला. भेगेत केस अडकला, की ओढला जाणार. नानांची नजर तेव्हा जवळचं धरत नव्हती, म्हणून ती मिशी मी बांधली. नानांनी स्वतःच्या मानेवरचे केस कापून दिले. प्रत्येक केसाला दुहेरी गाठ घातली. कड एवढी पातळ ठेवली, की जाळी हातात घेताना श्वास रोखावा लागे. झाल्यावर त्यांनी ती लावली आणि मला म्हणाले, "डोळे मीट आन् बोट फिरव." मी फिरवलं. मला काही कळलं नाही. आईने फिरवलं नाही. ते बरोबर दिसलं नसतं.

नाना गावी गेले आणि बऱ्याच दिवसांनी परतले. चेहरा तसाच, घासलेला. मी विचारलं, की हात अडकला का? ते गुंतवळ विंचरत होते. विंचरणं न थांबवता त्यांनी सांगितलं.

"गेलो त्याच दिशी त्यानं जवळ घेतलं. हात फिरवला. दोनदा फिरवला. मंग म्हनाला, ह्या बारीची चांगली जमली. आधीच्या लई टोचायच्या."

नाना म्हणाले, की त्यानंतर बाप झोपला आणि दोन दिवसांनी गेला. सुतकात दाढी करता येत नाही. त्यामुळे लावलेल्या मिशीखाली त्यांची स्वतःची फुटली आणि तिने वरची ओठापासून उचलली. दहाव्याला न्हाव्याने पाणी लावलं आणि ती त्याच्या बोटांत आली. सगळी भावकी समोर बसली होती. न्हाव्याने ती मुठीत लपवून खाली पडलेल्या केसांत टाकली आणि खालची काढली.

"दोन्ही गेल्या," नाना म्हणाले आणि फणी झटकली.

मला रडू आलं नाही. काय वाटायला हवं होतं ते आजही मला ठरवता येत नाही. भादरलेल्या डोक्याला पटका बांधून नाना बाजारातून चालत आले होते. ओळखीचे दुकानदार होते, मंडळीतली माणसं होती. कोऱ्या ओठाकडे बघून कुणीही थांबलं नव्हतं, कारण त्यांचा ओठ कोराच असे.

मी संध्याकाळी वडिलांना सांगितलं. त्यांनी टोपी घातली आणि शेजारच्या खोलीत जाऊन नानांच्या समोर बसले. अशा वेळी माणूस ओठाकडे बघतो आणि मग बोलतो. वडिलांनी बघितलं. तिथे महिन्यापूर्वी होतं तेच होतं. त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. शेवटी नानांनीच त्यांना सुपारी दिली आणि शिरूरकडे यंदा ज्वारी कशी आहे ते सांगू लागले.