बाहीचा कायदा

शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर शपिरोंच्या कपड्यांच्या दुकानाबाहेर झेलिक पोमरान्झ उभा असे. त्याचं काम ओढण्याचं. वाटेने जाणाऱ्याची बाही धरायची आणि बोलता बोलता त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं. पुढचं विक्रेते बघत. रस्त्याचा कायदा एकच होता: बाही ज्याच्या हाती आधी आली, गिऱ्हाईक त्याचं. शेजारच्या दुकानाचा ओढणारा फैवेल क्रुपनिक हा कायदा सर्रास मोडायचा. त्यामुळे झेलिक त्याच्याशी शिव्यांपलीकडे बोलत नसे. दोघांच्या हद्दीवर दिव्याचा खांब होता. येता-जाता दोघेही त्यावर थुंकत.

म्हातारे शपिरो गेले आणि जावई शेल्डन गल्ल्यावर बसला. त्याला मोठ्या बाजारातल्या दुकानांसारखी काचेआड छापील किंमत आणि दारात शांतता हवी होती. गिऱ्हाइकाची एक जरी तक्रार आली तरी तुला काढीन, असं त्याने झेलिकला भर फुटपाथवर बजावलं. क्रुपनिकने ते ऐकलं. झेलिकला दुसरं कुठलंच काम येत नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

रविवारच्या गर्दीत करडा कोट घातलेला एक उंच माणूस खांबाजवळून आला. झेलिकने सवयीने बाही धरली, तीही हलकेच. अख्खी बाही निघून त्याच्या हातात आली. माणसाने पोलिसांना बोलवा म्हणून बोंब ठोकली. लोक हसले; क्रुपनिक सगळ्यात मोठ्याने.

झेलिकने बाही उलटून पाहिली. खांद्याशी नुसते पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके होते. त्याने ते शेल्डनला दाखवले आणि हा क्रुपनिकचा डाव असल्याचं सांगितलं.

"असेल," शेल्डन म्हणाला. "मला निमित्त हवं होतं, ते मिळालं. उद्यापासून येऊ नकोस."

झेलिक बाही घेऊन तडक शेजारच्या दुकानात शिरला. तिथल्या मालकीणबाई, बेला गुर्विच, आपल्या प्रत्येक कोटाला जांभळं अस्तर लावून घेत. त्यांनी बाहीचं अस्तर पाहिलं, मग मांडणीवरचा रिकामा हँगर पाहिला आणि क्रुपनिकला आत बोलावलं.

"याचं वाटोळं केलंस, त्याचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पण माझा कोट का फाडलास?"

परत शिवून ठेवणार होतो, असं काहीतरी क्रुपनिक पुटपुटला. बाईंनी त्याला तिथल्या तिथे घरी पाठवलं. मग त्या झेलिककडे वळल्या.

"तूही काही भला माणूस नाहीस. पण माणसं खेचतोस. उद्या ये."

पुढच्या रविवारी झेलिक खांबाच्या पलीकडे उभा होता. क्रुपनिक मान खाली घालून, काम शोधत त्या बाजूने निघाला होता. झेलिकने त्याची बाही धरली.

"आत चला, मिस्टर. तुमच्या मापाचा कोट पडून आहे. एका बाहीचा आहे, पण तुम्हाला चालेल."

"सोड," क्रुपनिक म्हणाला.

झेलिकने सोडली नाही. रस्ताभर ओढणारे उभे होते, पण बाही आधी झेलिकच्या हाती आली होती. मध्ये कोणी पडलं नाही.