संडासातल्या कॅलेंडरवरची बावीस तारीख

चित्स्केनं हेग शहरात एकतीस वर्षं ट्राम चालवली, आणि एकतीस वर्षांत ती एकदाही कुणासाठी थांबली नाही. वेळ झाली की दार बंद. आरशात कुणी छत्री हलवत धावताना दिसलं, तर ती मनाशी म्हणायची, "सात मिनिटांनी दुसरी आहे, बाई." नवरा वीबे तिला चिडवायचा, "माझ्या अंत्ययात्रेलाही घड्याळ लावशील तू." लावलंच तिनं. दहा म्हणजे दहा.

अशा बाईच्या पोटी येल्मर जन्मला. हॉटेलात कुठलं सूप घ्यायचं हे ठरवायला त्याला अर्धा तास लागतो.

हा येल्मर तेरा वर्षं केनियात किसुमूला पाण्याच्या योजनांवर होता. जानेवारीत तो बायको अतिएनो आणि बारा वर्षांची फेन्ना यांना घेऊन आईच्या घरी येऊन उतरला. हेगच्या कचेरीत राहायचं की किसुमूला परतायचं, हे त्यानं मार्चअखेर कळवायचं होतं. अतिएनोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पोरीला शाळा मिळाली तर राहू. नाहीतर तिच्या जुन्या शाळेतलं बाक अजून गरम आहे."

फेन्नाचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. डच यायचं ते आजीशी गप्पा मारण्यापुरतं. साध्या शाळेत घातली असती, तर दोन वर्षं मागे बसवली असती. म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळाच हवी. आणि चित्स्केला नात हवी. बारा वर्षं फोनमध्ये दिसणारी पोर आता रोज सकाळी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून पावावर चॉकलेटचा चुरा सांडत होती. ते सांडलेलं पुसायलाही चित्स्केला बरं वाटायचं, पण हे ती बोलायची नाही.

येल्मरनं कॉम्प्युटरवर तक्ता केला. पाच शाळा, सतरा रकाने. ग्रंथालय, पोहण्याचा तलाव, जेवणात भाज्या किती, वाऱ्याची दिशा.

"वाऱ्याची दिशा?" चित्स्के म्हणाली.

"सायकलनं जाणार ना ती, आई!"

"वारा इथे कायम तोंडावरच असतो. काढ तो रकाना."

दर शनिवारी एका शाळेत पालकांना बोलावलेलं असायचं. कागदी पेल्यात कोमट कॉफी, तिच्यासोबत एकच बिस्किट. मग मुख्याध्यापक उठायचे आणि नमनालाच घडाभर तेल जाळायचे. आम्ही जगाचे नागरिक घडवतो, म्हणे. पाचही शाळांत हेच! तिसऱ्या शाळेत चित्स्केला राहवलं नाही. तिनं हात वर केला.

"जगाचं राहू दे. म्हातारं माणूस ट्राममध्ये चढलं, तर तुमची मुलं उठून जागा देतात का?"

मुख्याध्यापक हसले. येल्मर बुटांकडे बघत राहिला.

घरी येऊन ती सुनेला म्हणाली, "शाळा भिंतींत नसते गं. साडेतीनला थांब्यावर असते. एकतीस वर्षं मी सगळ्या शाळांची पोरं वाहिली आहेत. कुठली पोरं एकमेकांना ढकलतात आणि कुठली एकमेकांचं दप्तर धरतात, ते मला विचार."

"मग न्या हिला तिकडे," अतिएनो म्हणाली.

सोमवारपासून आजी-नात दुपारच्या थांब्यांवर जाऊन बसू लागल्या. वाळूच्या टेकड्यांजवळच्या शाळेच्या थांब्यावर कुणी फिरकलंच नाही. सगळी पोरं मोठ्या गाड्यांत बसून गेली. कालव्याकाठच्या शाळेतून मात्र घोळका आला. बटाट्याच्या तळलेल्या कापांचं एकच पुडकं, त्यात आठ हात. एका मुलीनं फेन्नासमोर पुडकं धरलं आणि विचारलं, "नवीन आहेस? घे, संपतंय." फेन्नानं घेतलं. मग पंधरा मिनिटं तिचं तोंड मिटलं नाही.

"ओमा, हीच," ती परत येताना आजीला म्हणाली.

चित्स्केच्या लेखी विषय संपला. येल्मरच्या लेखी अजून सहा रकाने रिकामे होते.

"अर्ज देऊन टाक, बाबा," चित्स्के रोज म्हणायची.

"घाई कसली? बावीस तारीख आहे ना. तूच लिहिली आहेस."

लिहिली होती खरी. संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलं होतं. आल्या आल्या अतिएनोनं विचारलं होतं, "आई, माणसांचे वाढदिवस इथे का?" चित्स्के म्हणाली होती, "रोज बघितलं जातं अशी दुसरी जागा सांग." त्या कॅलेंडरावर वार नसतात, साल नसतं. वाढदिवस काय, दरवर्षी त्याच तारखेला. वीबेचं नावही तिनं पुसलं नव्हतं. आणि मार्चच्या पानावर तिच्याच अक्षरात होतं: २२, फेन्नाची शाळा, शेवटचा दिवस. येल्मरच्या सतरा रकान्यांत तारखेचा रकाना नव्हता. आईचं कॅलेंडर असताना तो कशाला?

अठरा मार्चला तक्ता पूर्ण झाला. कालव्याकाठची शाळा अव्वल आली. आजी आणि बाप फाइल घेऊन शाळेच्या कचेरीत गेले. चार दिवस आधी, म्हणून चित्स्के जरा ऐटीतच.

कचेरीतल्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. "मुदत पंधराला संपली."

"बावीसला," चित्स्के म्हणाली.

"बावीस गेल्या वर्षी होती. तारीख दरवर्षी बदलते, बाई."

चित्स्केच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेल्या मार्चमध्ये येल्मरनं फोनवरून चौकशी करायला लावली होती. त्यांचं येणं लांबलं, पण कॅलेंडरावरची तारीख तिथेच राहिली, वाढदिवसासारखी.

"तीनच दिवस झालेत हो," येल्मर काकुळतीला आला.

"तीन दिवस काय नि तीन सेकंद काय. दार बंद म्हणजे बंद. प्रतीक्षायादीत नाव घालते. चौथं."

हा आवाज चित्स्केच्या चांगल्या ओळखीचा होता. एकतीस वर्षं तो तिचाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय?

घरी आल्यावर तिनं कोटसुद्धा काढला नाही. अतिएनोसमोर उभी राहिली. "चूक माझी आहे. वर्ष बघितलं नाही मी. आता तुम्ही परत जाल."

अतिएनोनं तिच्याकडे बघितलं आणि हातातली सुरी खाली ठेवली. "आई, बसा आधी. आमच्या किसुमूला गाडी घड्याळावर सुटत नाही. भरली की सुटते. तोवर माणसं आत बसून राहतात, शेंगा खातात, ड्रायव्हरला शिव्या देतात." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुझ्या कचेरीत सांग, मेअखेरपर्यंत थांबा म्हणून. आणि तक्ता करत बसू नकोस, फोन कर."

"आणि नंबर लागलाच नाही तर?" चित्स्केनं विचारलं.

"तर जाऊ. पण तोवर शेंगा खाऊ."

पुढचे दोन महिने चित्स्केला कसे गेले ते विचारू नये. फोन वाजला की ती दचकायची, न वाजला की चिडायची. मेच्या वीस तारखेला तो वाजला. एक कुटुंब लिस्बनला निघालं होतं, यादीतल्या पुढच्या तिघांनी दुसरी शाळा धरली होती. जागा झाली होती.

ऑगस्टअखेर शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी चित्स्के साडेतीनच्या आधीच थांब्यावर हजर. सगळी पोरं आली, ट्रामही आली, फेन्नाचा पत्ता नाही. ती आली सगळ्यात शेवटी, दोन मैत्रिणींशी हातवारे करत, रमतगमत. दार आजी-नातीच्या नाकासमोर बंद झालं.

"जाऊ दे, ओमा. सात मिनिटांनी दुसरी आहे."

चित्स्केनं त्या ड्रायव्हरला जे काही ऐकवलं, ते इथे लिहिण्याजोगं नाही.