माहेरी गेली, यादीतून गेली

मी सरकारी जीपचा ड्रायव्हर. नाव भाईदास. पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक आरोग्य केंद्र आहे, तिथली जीप एकोणीस वर्षं माझ्या हातात आहे. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या मलाच नोटीस येईल, आणि नोटीस आली की माणसाचं काय होतं ते मी सुलक्षणा सिस्टरच्या बाबतीत उघड्या डोळ्यांनी बघितलंय. ही गोष्ट त्याच बाईची. तिच्यावर कोणी चार ओळी लिहिणार नाही, म्हणून मी बोलतोय. मधेमधे माझं डोकं फिरेल, तेवढं चालवून घ्या.

बाई यावलकडची, केळीच्या बागावाल्या घरातली. आमच्या भागात नर्स म्हणून आली तेव्हा तिचं बोलणं ऐकून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. वर्षभरात त्याच बायका तिला घाबरायला लागल्या. अंगाने काटकुळी, पण चालायला लागली की मागच्याने पळावं. कोणत्याही घरात शिरताना आधी दोरीवरची लुगडी मोजायची. सासू म्हणायची, घरात दोनच बायका आहेत. ही म्हणायची, "मग हे तिसरं लुगडं कोणाचं, तुमच्या मालकाचं का?" सासूचा चेहरा पडायचा आणि आतल्या खोलीतून गरोदर सून बाहेर यायची. बरं, झापून झालं की त्याच घरात बसून चहाही प्यायची. आमच्याकडे लोक तिला अक्का म्हणायचे, आणि नर्सला आमच्याकडे सहसा कोणी अक्का म्हणत नाही.

२०१८ साली वरून टूम निघाली, की परदेशात लोक दवाखाने कसे चालवतात ते बघून यायचं आणि मग आपल्याकडे सुधारणा करायची. श्रीलंकेचा दौरा ठरला. अकरा जण. दहा साहेब, आणि एक खरंखुरं गावात काम करणारं माणूस पाहिजे असा नियम, म्हणून अकरावी आमची सिस्टर. दहा दिवसांत तिचा पासपोर्ट झाला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेऊन बाई विमानात बसली.

परत आल्यावर साहेब लोकांनी चहाची पाकिटं वाटली, हत्तीजवळ उभे राहिलेले फोटो दाखवले. मी सिस्टरला धुळ्याहून आणायला गेलो होतो. गाडीत बसल्यापासून बाई बोलत होती ती साक्रीपर्यंत थांबली नाही.

"भाऊ, तिकडे एक नर्स भेटली. तिची भाषा मला येईना, माझी तिला येईना. दिवसभर तिच्यामागे फिरले. तिच्याकडे ठरलेली घरं आहेत, आपल्यासारखीच. पण ऐका ना, गरोदर पोरगी आईकडे निघाली की ही बाई तिकडच्या नर्सला चिठ्ठी लिहिते. ही पोर येतेय, हिचं रक्त एवढं, हिचा त्रास असा. तिकडची नर्स चिठ्ठी घेऊन तिच्या दारात. अहो, तिकडेही पोरी आईकडेच जातात! मला वाटायचं हे खूळ फक्त आपल्यातच आहे."

मी म्हटलं, "म्हणजे एवढ्या लांब जाऊन तुम्ही एक चिठ्ठी आणली?"

"एवढीच आणली," ती म्हणाली. "पण कामाची आणली."

आणि खरंच कामाची निघाली, देवाशपथ. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की माहेरची माणसं मुलीला घेऊन जातात, आणि न्यायला आलेल्यांना नाही म्हणत नाहीत. सासरच्या नर्सच्या यादीत 'बाहेरगावी' असा शेरा पडतो. माहेरच्या नर्सला ती आल्याचं माहीतच नसतं. म्हणजे सगळ्यांत अवघड दोन महिने पोरगी कोणाचीच नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि माझ्यासकट कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. सिस्टरने पोस्टकार्डं आणली. पोरगी निघाली की माहेरचं गाव विचारायची, तिथल्या उपकेंद्राच्या नर्सच्या नावे कार्ड लिहायची. पेटीत टाकायचं काम माझं. चार दिवसांनी त्या नर्सला फोन करायची, मिळालं का, गेलात का, बीपी किती? नंबर मिळवायला सात ठिकाणी फोन लावायची, पण मिळवायची. तीन वर्षांत साठच्या वर कार्डं गेली. गावातल्या चुडामणच्या सुनेच्या अंगात रक्त नव्हतं, तिचं कार्ड वरणगावच्या बाजूला गेलं. तिथल्या नर्सने तिला पंधरा दिवस आधीच मोठ्या दवाखान्यात नेऊन टाकलं. बाळ घेऊन सासरी आली तेव्हा चुडामणने माझ्या जीपच्या बॉनेटवर पेढ्यांचा पुडा ठेवला होता.

मग साहेबांना दौऱ्याची आठवण झाली. चार वर्षांनी! 'श्रीलंका पॅटर्न' असा फलक लागला. नर्सेसना नव्या रंगाचे एप्रन आले, मोबाइलमध्ये अ‍ॅप आलं. गरोदर बाई बाहेरगावी गेली की अ‍ॅपमध्ये 'स्थलांतर' या चौकोनावर टिक करायची. टिक केली की तिचं नाव तुमच्या यादीतून जातं. कुठे जातं, हे सिस्टरने ट्रेनिंगमध्ये विचारलं. साहेब म्हणाले, "ते सिस्टम बघेल." ती म्हणाली, "साहेब, दुसऱ्या जिल्ह्यातल्या नर्सला दिसेल का?" साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही तुमच्या जिल्ह्यापुरतं बघा." सभागृहात दोघंतिघं हसले. मागे उभा होतो, मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

कार्डांचं प्रकरण वर कळलं आणि बाईला नोटीस आली. बायकांची खासगी माहिती उघड्या कार्डावर लिहिली. दुसऱ्या जिल्ह्याशी परस्पर पत्रव्यवहार केला. वेतनवाढ का रोखू नये? ज्या गोष्टीसाठी हिला समुद्र ओलांडून पाठवलं, ती केली म्हणून नोटीस! सिस्टरने कागद दोनदा वाचला, घडी घातली, आणि "बरं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून कार्ड बंद.

पुढच्याच वर्षी ऋतिकाचं झालं. जीवराम पाटलांची धाकटी सून, वय एकवीस, माहेर पाचोऱ्याजवळच्या खेड्यातलं. सातव्या महिन्यात सिस्टरने बीपी बघितलं, दीडशे-शंभर. पाय सुजलेले. सिस्टरने गोळ्या दिल्या आणि सासूला बजावलं, "हिला उद्याच्या उद्या धुळ्याला न्या. गाडी मी देते." सासू म्हणाली, "गुरुवारी तिच्या माहेरचे न्यायला येताहेत. पहिल्या बाळंतपणाचा मान त्यांचा. ते पाचोऱ्याला दाखवतील ना." बुधवारी आम्ही परत गेलो. तीच सासू, तेच उत्तर. गुरुवारी पोरगी हिरवं लुगडं नेसून गेली.

त्या दिवशी दुपारी सिस्टर माझ्या शेजारी जीपमध्ये बसली होती. मोबाइलवर टिक केली. ऋतिकाचं नाव गेलं. रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाली, "भाऊ, पाचोऱ्याकडच्या नर्सला फोन करून टाकू का?"

आणि मी म्हणालो, "जाऊ द्या सिस्टर. एक नोटीस आलीय, दुसरी कशाला ओढवून घेता? शिकली-सवरली माणसं आहेत, दाखवतील."

तिने फोन पिशवीत टाकला. हे मी म्हणालो. दुसरं कोणी नाही.

पाचोऱ्याकडे काय झालं ते नंतर कळलं. ऋतिकाची आई कुंदाबाई. साधी बाई, लेकीवर जीव ओवाळून टाकणारी. लेक घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिथली आशाताई सर्व्हेला दारात आली. तुमच्या घरात कोणी गरोदर आहे का? कुंदाबाईने सांगितलं, नाही. खोटं बोलायचं म्हणून नाही हो! घरात सून नाही, म्हणून गरोदर कोणी नाही. लेक आतल्या खोलीत निजलेली, पण लेक लग्न करून दिली, ती आता त्यांच्या घरची. आपल्याकडे आलेली माहेरवाशीण, पाहुणी. तिला आपल्या घरात कोण मोजतं? तुमच्या आईनेही हेच उत्तर दिलं असतं, माझ्याही. आशाताईने दारावर खूण केली आणि पुढच्या घराला गेली. लेकीचं डोकं दुखायचं, तर आई कपाळाला सुंठ लावायची. गोळ्या संपल्या होत्या. दवाखान्याचं सोमवारी बघू म्हणाले. अकराव्या दिवशी सकाळी भाकरी खाताना ऋतिकाला झटके आले. रिक्षातून पाचोऱ्याला नेलं, तिथून जळगावला पाठवलं. वाटेतच गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

चौकशी लागली. दोन्ही जिल्ह्यांचे साहेब एका टेबलाला. इकडचे म्हणाले, आमच्याकडे स्थलांतराची टिक आहे, ती आमची नाही. तिकडचे म्हणाले, आमच्याकडे नोंदच नाही, ती आमची नाही. सगळे जरा सैलावले. चहा आला. त्या वर्षी दोन्हीकडे 'शून्य मातामृत्यू'चा आकडा वर जायचा होता, तो आता बिनधोक जाणार होता.

भिंतीशी कुंदाबाई बसली होती. ती उठून टेबलापाशी आली आणि तिने अगदी हळू, अहिराणीत विचारलं, "साहेब, मनी पोर कोननी यादीमा व्हती?"

साहेब कागद चाळायला लागले. तेव्हा सुलक्षणा सिस्टर उभी राहिली. "माझ्या यादीत होती. माझ्या उपकेंद्रात लिहा."

आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोणी विचारलंय का? नियमाने ती तुमच्याकडे येत नाही."

"साहेब, एकवीस वर्षांची पोर मेलीय. कुठेतरी मेली म्हणून लिहा! नाहीतर ती जन्मालाच आली नव्हती असं लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. मला तेव्हाच कळलं, आता बाईचं काही खरं नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. तुमची होती ना? मग तिकडच्या नर्सला तुम्ही फोन केला होता?"

"नाही."

"बीपी दीडशे-शंभर असताना नाही केला? का?"

मी दाराशी उभा होतो, चार पावलांवर. सिस्टरने नोटिशीचं नाव घेतलं नाही. माझंही घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माझी चूक झाली," म्हणाली. मला सांगता आलं असतं, साहेब, फोन करणार होती, मी अडवलं, आणि तुमच्या नोटिशीने अडवलं. नाही सांगितलं. नोकरीला सहा वर्षं राहिली होती, पोरीचं लग्न व्हायचं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यांचा मला अजून संताप येतो. साहेबांनी लिहून घेतलं: परिचारिकेचा निष्काळजीपणा. बाई निलंबित झाली. चौकशी अजून संपलेली नाही.

तिला यावलच्या एसटीत बसवायला मीच गेलो. मला वाटलं, चार शिव्या देईल, निदान लागेल असं बोलेल. ती म्हणाली, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्या काळजीनेच बोललात." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिच्या जागी नवी सिस्टर आलीय. तरणी, हुशार, अ‍ॅप पटापट चालवते. गेल्या महिन्यात एक पोरगी अशीच माहेरी निघाली, पहिलटकरीण, रक्त कमी. नव्या सिस्टरने टिक केली. मी म्हटलं, "तिकडच्या नर्सला फोन करा." ती म्हणाली, "काका, मागच्या बाईंनी अंगावर घेतलं म्हणून घरी बसल्या. मी कशाला घेऊ?" आम्हीच शिकवलं तिला.

मग मी त्या पोरीच्या सासरी गेलो, माहेरच्या गावाचं नाव विचारून घेतलं, पाच ठिकाणी विचारून तिथल्या नर्सचा नंबर काढला आणि फोन लावला. सगळं सांगितलं.

पलीकडून बाई म्हणाली, "अहो, पण तिची नोंद सासरी असेल ना? आमच्याकडे कशी येईल ती? तुम्ही कोण बोलताय?"

"ड्रायव्हर," मी म्हणालो.

"मग तुमच्या साहेबांकडून रीतसर येऊ द्या," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी परत लावला.