इग्नाझच्या वाट्याचा पाव

आमच्या रोझविता आत्याने डॅन्यूबकाठच्या ग्राइनमध्ये सत्तर वर्षं काढली, पण बोटीत पाय म्हणून ठेवला नाही. तिचा नवरा इग्नाझ तरुणपणीच गावाखालच्या खिंडीत बुडाला आणि सापडला नाही. अशा माणसासाठी घरच्यांनी तिथे बोटीतून पाव सोडायचा असतो. भोवऱ्याने पाव ओढून घेतला की माणूस सुटला. आत्या भीतीपोटी कधी गेलीच नाही.

तिच्या सत्तरीला आम्ही सगळ्यांनी पासाऊ ते व्हिएन्ना क्रूझची तिकिटं काढली आणि या वेळी ती चक्क तयार झाली. नाश्त्याला तिने हळूच एक पाव खिशात टाकला.

"आत्या, इथे दिवसातून पाच वेळा खायला घालतात गं!"

"तुझ्यासाठी नाहीये तो, खादाडा."

खिंडीत तिने पाव सोडला. पण नदीवर खाली धरण बांधल्यापासून तिथे भोवरे उरलेत कुठे? पाव नुसता तरंगत राहिला.

"घेत नाहीये रे तो."

"पाणी संथ आहे, आत्या," मी शहाणपणा केला.

"म्हणजे इतकी वर्षं इथेच अडकलाय." ती कठड्यावरून वाकली, "चल, वर ये," म्हणाली आणि शेजारची खुर्ची ओढून घेतली.

व्हिएन्ना येईपर्यंत त्या खुर्चीवर आमच्यापैकी कुणीही बसलं नाही. मीसुद्धा.