अलेक्झांड्रियाहून रिकाम्या हातानं

बोलताना वामनकाका समोरच्याकडे कधी बघायचेच नाहीत. दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर चहाला बसले, की त्यांची नजर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डाव्या कानावर. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. सुरुवातीला मला हा माणूस चक्रमच वाटला. मग कळलं, त्यांचे थोरले भाऊ दिगंबर दुसऱ्या महायुद्धात खेचरांच्या पलटणीत गेले ते परतलेच नाहीत. लहानपणी बैलाच्या शिंगानं दिगंबररावांचा डावा कान फाटला होता. शेवटची खबर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया बंदरातली. पुढं सरकारनं 'बेपत्ता' एवढंच कळवलं.

दिगंबररावांच्या पत्नी, अनसूयावहिनी, रोज ठसठशीत कुंकू लावायच्या. बारा वर्षं उलटली तसे भाऊबंद मागं लागले. बेपत्ता माणसाचा दर्भ आणि पळसपानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग तेरावं. नाहीतर जीव अडकून राहतो म्हणे! वहिनींच्या कपाळाचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. एकटे काका आडवे आले.

"पाह्यल्याबिगर मी माह्या भावाले जाळत नाही. काहून घाई करून राह्यले? दादा काय तुमच्या खाटेवर निजला हाय?"

काका कापसाच्या जिनात ग्रेडर होते. कापूस बोटांत ओढून धाग्याची लांबी सांगायचे. सत्तावन-अठ्ठावनच्या सुमारास त्यांचे शेठ तिकडचा लांब धाग्याचा कापूस बघायला अलेक्झांड्रियाला निघाले, तेव्हा सोबत न्या म्हणून काकांनी चक्क त्यांचे पाय धरले. वहिनींनी लाडू बांधून दिले. दिगंबररावांना आवडायचे, तसे डिंकाचे.

परतल्यावर सगळं गाव नवल ऐकायला जमलं. काका फक्त माझ्याशी बोलले.

"लय जुनं बंदर हाय, मास्तर. समुद्रात घुसलेला एक किल्ला हाय. तिथंच म्हणे आधीच्या काळात मोठा दिवा जळे, जहाजायले वाट दिसाले. मी त्या किल्ल्यापासून गोदीपर्यंत दादाच्या नावानं हाका मारत फिरलो. हमाल हासत. एक म्हातारा मात्र रडला. काहून, ते मले समजलं नाही. लाडू त्यालेच देल्ले."

लढाईत मेलेल्यांची नावं तिथं एका भिंतीवर कोरली होती. शेठनी ती सगळी वाचून दाखवली. त्यात दिगंबरराव नव्हते.

"म्हंजे मेला नाही ना, मास्तर?"

 उत्तर भाऊबंदांनी दिलं. वामन स्वतः पाहून आला, तिथंही नाही. आता कुठं असणार? आजवर 'तिकडं कुठंतरी असेल' असं म्हणता तरी येत होतं. आता ते 'तिकडं'ही उरलं नाही.

पुतळा झाला. धाकटा भाऊ म्हणून अग्नी काकांनाच द्यावा लागला. वाळली पानं ती, बघता बघता राख झाली. घरात बायकांनी वहिनींच्या बांगड्या फोडल्या. त्या आवाजाचा मला आजही संताप येतो.

पुढं दोन-तीन वर्षांनी वामनकाका वारले. माझ्या लेखी ते दिगंबररावांच्या तेराव्यालाच संपले होते. त्या दिवशी पंगती उठल्यावर वहिनींनी कोऱ्या कपाळानं त्यांचं ताट वाढलं.

"जेवा भाऊजी. तुम्ही तं त्यायले एवढ्या दूर शोधाले गेलते."

काकांनी ताट बाजूला सारलं.

"म्हणूनच मेला, वहिनी. मी गेलो नसतो, तं दादा अजून तिथं असता."