रंजिताचं एक वाक्य

दिघ्याची रंजिता मढवी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर. शिवाय सुरक्षा इंजिनिअरांची जी जगभरची संघटना आहे, तिच्या कमिटीवरही होती. बिनपगारी, हौसेनं.

हौस कसली, डोक्याला ताप! मीटिंग पहाटे साडेपाचला, कारण अध्यक्षबाई कॅनडातल्या. त्यांना जेवण आटोपून निवांत बसायचं असायचं. सासू गोजराबाई चहाचं आधण ठेवता ठेवता विचारायची, "सक्कालसक्काल कोनाशी भांडतेस गो?"

भांडण एका वाक्याचं होतं. संघटना कारखान्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढत होती. रंजिताला त्यात एवढंच घालायचं होतं, की गॅसगळतीचा भोंगा झाला की गेटवर कंत्राटी कामगारांचीही नावानिशी मोजणी व्हावी. बस्स. एवढ्याला दोन वर्षं! 'कंत्राटी' म्हणजे नेमके कोण, हे ठरवायला उपसमिती नेमली. तिला वेळ मिळेना, म्हणून तिच्या डोक्यावर आणखी तिघे बसवले. आणि माणसं अशी गोड, की रागवायचीही चोरी. प्रत्येक जण आधी हिचे आभार मानणार आणि मग वाक्य पुढच्या महिन्यावर ढकलणार. रंजिताचा जीव मेटाकुटीला आला. पण बाई चिवट. दर वेळी नवा मसुदा पाठवायचीच.

गेल्या बुधवारी कंपनीत मॉक ड्रिल होतं. भोंगा वाजला, माणसं गेटपाशी जमली. "दोनशे बारा, सगळे हजर," सुपरवायझर म्हणाला. रंजितानं सही केली. दहा मिनिटांनी मागच्या टाकीकडून रंगाचे डबे घेऊन पाच जण आरामात चालत आले. पुढे साताऱ्याकडचा भैरू. ठेकेदाराची माणसं ही, कुठल्याच यादीत नव्हती.

रंजिताचा पारा चढला. "भोंगा ऐकला नाहीत?"

"ऐकला की. पर कुटं जायाचं, त्ये आमाला कुनी सांगितलंच न्हाई, म्याडम."

"अरे, दोन वर्षं कमिटीला हेच घसा फोडून सांगतेय मी!"

"हितल्या कमिटीला?"

"नाही. बाहेरच्या. सगळ्या जगाची आहे ती."

भैरूनं डबा खाली ठेवला. "मग हितं कोन सांगनार?"

रंजितानं सही केलेल्या यादीकडे पाहिलं. इथली सेफ्टी ऑफिसर कोण? तीच. यादी कुणाची? तिचीच. गळती खरी असती तर? तिला स्वतःचाच संताप आला. घरी निघण्याआधी तिनं ठेकेदाराला बोलावून त्याच्या सगळ्या पाळ्यांतल्या सत्तावन्न माणसांची नावं स्वतःच्या हातानं यादीत चढवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अध्यक्षबाईंनी हसतमुखानं जाहीर केलं, वाक्य मंजूर! स्क्रीनवर टाळ्याच टाळ्या. "रंजिता, तुमच्या कंपनीत हे कसं चालतं, जरा सांगाल? पुस्तकात उदाहरण म्हणून घालू या."

रंजितानं माईक चालू केला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "काल पाच माणसं आत राहिली होती, आणि सगळे हजर आहेत म्हणून मी सही केली होती."